नऊची गोळी

नागपूरहून परतताना एसटी काटोलला थांबली
तेव्हा प्रफुलने फाइल मांडीवर घेतली
आणि पुन्हा पहिल्या पानापासून वाचू लागला,
कलमांच्या ऑर्डरी तपासतो तसा, बोट ठेवून.
क्रिएटिनिन एक पूर्णांक एक.
तेवढं त्याला वाचता येतं आता.

मॅडम म्हणाल्या, दोन वर्षं झाली, बरं चाललंय,
विचार करायला हरकत नाही.
विचार. एवढाच शब्द त्यांनी दिला.
तुमचं ठरलं तर ही गोळी बंद,
ती बाळाला चालत नाही.
तिच्या जागी दुसरी, मग काही महिने नुसतं बघायचं,
शरीर सासूबाईंना घराबाहेर तर काढत नाही ना.

(शेवटचं मॅडम नाही म्हणाल्या, मी म्हणते आहे.
किडनी सासूबाईंची आहे.)

उजव्या कुशीला, कातडीच्या अगदी खाली,
हात ठेवला तर लागते.
माझ्यापेक्षा सत्तावीस वर्षांनी मोठी.
तिने निंदण केलंय, सरपण वाहिलंय,
तीन बाळंतपणं पाहिलीत,
त्यातलं एक न रडलेलं.
आता ती माझ्यात राहते
आणि मी तिच्याच शेजारी
आणखी कुणाला खोली द्यायचं म्हणते आहे.

गावात बोलतात,
म्हातारीनं उगाच नाई देल्ली, नातवासाठी देल्ली.
चक्कीवर हे ऐकून त्या घरी आल्या,
पिठाचा डबा उतरवला, पदराने तोंड पुसलं,
"मी काई बियानं नाई देल्लं तुले,
का पीक मांगीन."
त्यानंतर त्या विषयावर एक शब्द नाही.
न विचारण्याचंही वजन असतं.
माझी आई मात्र फोनवर रोज म्हणते,
जीव वाचला तेवढा पुरे, पोरी.
ती चुकीची आहे असं मला सिद्ध करता येत नाही.

प्रफुल जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतो.
पट्टी गुंडाळताना श्वास रोखतो.
पहिली दोन-तीन वर्षं फूल आलं तरी तोडा,
असं गिऱ्हाइकांना सांगतो, झाड आधी उभं राहू द्या.
मला ऐकू यावं म्हणून सांगतो की काय, कळत नाही.
एकदा मी चिडले. मी झाड नाही.
तो म्हणाला, झाडाची गॅरंटी देतो मी,
तुझी कुठून देऊ?
आणि चाकू पुसत बसला,
आधीच पुसलेला.

रात्री मी हिशेब करते.
किती वर्षं टिकेल ते कुणीच लिहून देत नाही.
बारा धरली, दोन गेली,
तर पोर चौथीत.
पंधरा धरली तर सातवीत,
स्वतःची वेणी घालता येईल एवढी.
वीस धरायचा धीर होत नव्हता,
पण एका रात्री धरली,
तर ती सायकलवरून वरुडच्या कॉलेजात निघाली होती,
डबा विसरून.
सकाळी माझा मलाच राग आला.
ती कुठून आली?
मी तर अजून काहीच ठरवलेलं नाही.

आणि तो आठव्या महिन्यातच आला तर,
बीपी वाढलं तर,
दोघांतलं एकच वाचवता आलं तर,
हे सगळं मॅडमनी सांगितलंय, घाई न करता.
प्रफुलने ते कागदावर उतरवून घेतलं.
कागद त्याने खिशात ठेवला
आणि शर्ट तसाच धुवायला टाकला.
मुद्दाम, असं मला वाटतं.

आज बगिच्यात आंबियाची फुलं आहेत.
वास खोलीत येतो, दार लावलं तरी.
डब्यात दोन पट्ट्या, जुनी आणि नवी.
नवी अजून फोडलेली नाही.
मोबाइल नऊला वाजेल.
त्याच्या दोन मिनिटं आधी ओसरीवरून हाक येते,
रोजच्यासारखी,
"गोयी घेतली काय वं, मोनाली?"

"घेतो नं, आई."

कोणती, ते त्या विचारत नाहीत.